जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलंय? फाइल उघडताक्षणी व्हायरस अडवणारी मोफत सोय अशी बसवा

सातबारा, आठ-अ, पीक विम्याची पावती, पोरांचे दाखले, पासबुकाच्या पहिल्या पानाचा स्कॅन. आता ही सगळी कागदं बऱ्याच घरांत लॅपटॉपमध्ये नाहीतर पेनड्राइव्हवर असतात. घरून पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात जातो, तिथून सेवा केंद्रात, तिथून कॉलेजात आणि संध्याकाळी परत घरी. वाटेत एका जरी कॉम्प्युटरला व्हायरस असला तरी तो सोबत घरी येतो.

दुसरीकडे घरचे लॅपटॉप जुने झालेत. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि अनेक जुन्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही. म्हणून बऱ्याच जणांनी लिनक्स मिंट किंवा उबंटू टाकून घेतलं. टाकून देणारा हमखास सांगतो, 'आता अँटीव्हायरसची गरज नाही, लिनक्सला व्हायरस लागत नाही.' हे बोलणं अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी काय करायचं, त्याची ही माहिती.

लिनक्सला व्हायरस लागतो का?

विंडोजसाठी बनवलेला व्हायरस लिनक्सवर आपोआप चालत नाही. लिनक्समध्ये डाउनलोड केलेली फाइल परवानगी दिल्याशिवाय प्रोग्राम म्हणून धावत नाही. सिस्टमच्या फाइलींना हात लावायचा तर पासवर्ड मागितला जातो. शिवाय सॉफ्टवेअर कुठून तरी उचलून आणण्याऐवजी सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घेतलं जातं. म्हणून त्रास कमी होतो.

पण कमी म्हणजे शून्य नव्हे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने लिनक्सवर चालणारे सीसीटीव्ही कॅमेरे आणि राउटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले. कारण साधं होतं, कंपनीने दिलेला पासवर्ड कोणी बदललाच नव्हता. त्याच वर्षी फेब्रुवारीत लिनक्स मिंटची वेबसाइट फोडून डाउनलोडच्या लिंकवर मागचं दार ठेवलेली खोटी प्रत लावली गेली होती. मिंटच्या लोकांनी ते लवकर ओळखून जाहीर केलं, पण त्या दिवशी ती प्रत उतरवून घेणाऱ्यांच्या मशीनमध्ये दगाफटका सुरुवातीपासूनच होता.

घरच्या लॅपटॉपच्या बाबतीत मोठा धोका मात्र वेगळा आहे. लिनक्सवाला लॅपटॉप स्वतः आजारी पडत नाही, पण आजार पोहोचवतो. पेनड्राइव्हवरचा विंडोजचा व्हायरस त्याच्यात निपचित पडून राहतो आणि पुढच्या फेरीत दुकानाच्या किंवा केंद्राच्या विंडोज मशीनवर जागा होतो. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी केंद्राचं मशीन बंद पडलं तर नुकसान रांगेतल्या सगळ्यांचं होतं.

शॉर्टकट व्हायरस आणि लिनक्सचा एक फायदा

पेनड्राइव्ह उघडला तर सगळे फोल्डर गायब आणि त्यांच्या जागी बाण असलेले शॉर्टकट, हा प्रकार अनेकांनी बघितलाय. यात फाइली बहुतेक वेळा पुसलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. विंडोज त्या दाखवत नाही, पण लिनक्स पेनड्राइव्हवरची ती लपवाछपवी मानत नाही. पेनड्राइव्ह लिनक्सच्या लॅपटॉपला लावला की मूळ फोल्डर बऱ्याचदा समोर दिसतात. काही वेळा सगळा माल नाव नसलेल्या एका फोल्डरमध्ये कोंबलेला असतो, तेव्हा तोही उघडून बघावा. कामाच्या फाइली कॉपी करून घ्याव्यात. शॉर्टकट आणि अनोळखी फाइलींना हात लावू नये.

क्लॅमएव्ही म्हणजे काय?

लिनक्ससाठी सगळ्यात जास्त वापरलं जाणारं मोफत अँटीव्हायरस म्हणजे क्लॅमएव्ही. स्पेलिंग सी-एल-ए-एम-ए-व्ही. पोलंडच्या तोमाश कोइम यांनी ते सुरू केलं आणि पहिली आवृत्ती २००२ मध्ये आली. २००७ मध्ये ते सोर्सफायर कंपनीकडे गेलं. २०१३ मध्ये सिस्कोने सोर्सफायर विकत घेतली, आता सिस्कोचा टॅलोस हा विभाग ते सांभाळतो. पैसे लागत नाहीत, नोंदणी लागत नाही, वर्षाला रिन्यू करावं लागत नाही.

त्यात तीन गडी काम करतात, असं समजा.

पहिला फ्रेशक्लॅम. नव्या व्हायरसच्या खुणांची यादी इंटरनेटवरून आणणं एवढंच त्याचं काम.

दुसरा क्लॅमडी. तो ती यादी तोंडपाठ करून बसतो. कोणी फाइल पुढे केली की यादीशी जुळवून सांगतो, 'ठीक आहे' किंवा 'गडबड आहे'.

तिसरा क्लॅमऑनअॅक, म्हणजे वेशीवरचा राखणदार. तुम्ही फाइल उघडायला गेलात की तो आधी ती क्लॅमडीला दाखवतो. गडबड निघाली तर उघडू देत नाही. क्लॅमऑनअॅक हा स्वतंत्र गडी २०१९ मध्ये आलेल्या ०.१०२ या आवृत्तीपासून आहे.

नुसतं क्लॅमएव्ही बसवलं की काम झालं, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. पहिले दोन गडी आले तरी तिसऱ्याला उभं केल्याशिवाय फाइल उघडताक्षणी तपासणी होत नाही.

आधी रॅम बघा

हा भाग वगळू नका. क्लॅमडी सगळी यादी रॅममध्ये धरून बसतो. त्याला साधारण एक जीबी किंवा त्याहून जास्त जागा लागते आणि नवी यादी घेताना थोडा वेळ जवळपास दुप्पट. बनवणाऱ्यांचीच शिफारस कमीत कमी ३ जीबी रॅमची आहे.

टर्मिनल उघडून 'फ्री', स्पेस, 'डॅश एच' असं टाइप केलं की रॅम दिसते. स्पेलिंग एफ-आर-डबल ई.

रॅम २ जीबी असेल तर राखणदार बसवू नये. लॅपटॉप अडखळेल, ब्राउझर बंद पडेल आणि अर्ज अर्ध्यावर राहील. अशा मशीनवर फक्त क्लॅमएव्ही ठेवून पेनड्राइव्ह हाताने तपासावा. त्याची रीत पुढे दिली आहे. ४ जीबी असेल तर चालतं, पण राखण एक-दोन फोल्डरपुरतीच ठेवावी. ८ जीबी असेल तर अडचण नाही.

आज्ञा कशा वाचायच्या

खाली आज्ञा उच्चाराप्रमाणे मराठीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत करायच्या. अवघड शब्दांचं स्पेलिंग सोबत दिलंय. जिथे मोठी अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलंय. लिनक्सला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक कळतो, म्हणून त्यात चूक चालत नाही. 'सुडो' म्हणजे एस-यू-डी-ओ. ही आज्ञा मालकाच्या हक्काने काम करते आणि पासवर्ड मागते. पासवर्ड टाइप करताना अक्षरं दिसली नाहीत तरी घाबरू नये, ती आत जात असतात.

पायरी १ : बसवणे

सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी इन्स्टॉल क्लॅमएव्ही क्लॅमएव्ही-डेमन

'डेमन'चं स्पेलिंग डी-ए-ई-एम-ओ-एन. दोन शब्दांमध्ये आडवी रेघ येते, स्पेस नाही. या आज्ञा उबंटू, मिंट आणि डेबियनसाठी आहेत. सी-डॅकचं बॉस लिनक्सही डेबियनवरच बेतलेलं आहे.

बसवून झालं की फ्रेशक्लॅम आपोआप यादी उतरवायला लागतो. पहिल्या वेळी बराच डेटा जातो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम असेल तर दिवसाचा डेटा शिल्लक बघूनच सुरुवात करावी. नंतर रोज फक्त फरक उतरतो, तो थोडा असतो.

पायरी २ : यादी आली का ते बघणे

यादी पूर्ण उतरल्याशिवाय क्लॅमडी सुरूच होत नाही. बरेच जण इथे अडकतात आणि काहीतरी बिघडलं म्हणून सगळं काढून पुन्हा बसवतात. तसं करू नये. थोडा वेळ थांबून ही आज्ञा द्यावी.

सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट क्लॅमएव्ही-डेमन

सिस्टमसीटीएल म्हणजे एस-वाय-एस-टी-ई-एम-सी-टी-एल, सलग. मग 'रीस्टार्ट'च्या जागी 'स्टेटस' लिहून तीच आज्ञा पुन्हा द्यावी. हिरव्या अक्षरांत 'ॲक्टिव्ह' दिसलं की दोन गडी कामाला लागले. जुन्या मशीनवर यादी रॅममध्ये चढायला मिनिटभर किंवा जास्त वेळ जातो.

पायरी ३ : कुठे राखण करायची ते सांगणे

आधी आपलं लॉगिनचं नाव नक्की करा. टर्मिनलमध्ये 'हू-ॲम-आय' सलग टाइप करा, म्हणजे डब्ल्यू-एच-ओ-ए-एम-आय. जे नाव येईल तेच पुढे वापरायचं.

आता सेटिंगची फाइल उघडा.

सुडो नॅनो /ईटीसी/क्लॅमएव्ही/क्लॅमडी.कॉन्फ

'नॅनो' एन-ए-एन-ओ, 'कॉन्फ' सी-ओ-एन-एफ, मधे टिंब. फाइलच्या अगदी शेवटी जाऊन या दोन ओळी घाला.

ऑनॲक्सेसइन्क्लूडपाथ /होम/तुमचं-नाव/डाउनलोड्स
ऑनॲक्सेसएक्स्क्लूडयूनेम क्लॅमएव्ही

पहिल्या ओळीत ऑन, ॲक्सेस, इन्क्लूड आणि पाथ हे चार शब्द सलग लिहायचे आणि प्रत्येकाचं पहिलं अक्षर मोठं. दुसऱ्या ओळीत ऑन, ॲक्सेस, एक्स्क्लूड आणि यूनेम, तसंच. 'यूनेम'मध्ये फक्त यू मोठा. 'डाउनलोड्स'मधला डी मोठा असतो. 'तुमचं-नाव'च्या जागी हू-ॲम-आयने दाखवलेलं नाव.

दुसरी ओळ विसरू नका. क्लॅमडी स्वतः तपासणीसाठी फाइल उघडतो. राखणदाराने त्यालाच अडवलं तर दोघं एकमेकांची वाट बघत बसतात आणि मशीन लटकतं. ही ओळ राखणदाराला सांगते की हा आपला माणूस आहे, याला सोड.

कंट्रोल आणि ओ दाबून एंटर केलं की फाइल सेव्ह होते. कंट्रोल आणि एक्सने बाहेर यायचं.

सगळ्या मशीनवर राखण का ठेवू नये?

'आता ठेवतोच आहे तर सगळीकडेच ठेवू' असं वाटणं साहजिक आहे. पण लिनक्स चालू असताना दर क्षणाला शेकडो फाइली उघडतो-मिटतो. प्रत्येक फाइल वेशीवर थांबवली तर मशीन रांगतं. अडवण्याची सोय सुरू ठेवून संपूर्ण सिस्टमवर राखण लावली तर लॅपटॉप सुरू होतानाच अडकू शकतो. बाहेरचा माल जिथून आत येतो तो डाउनलोड्स फोल्डर राखला की घरच्या वापराला पुरतं. ई-मेल, व्हॉट्सॲप वेब आणि ब्राउझर यांचं सगळं तिथेच उतरतं. आणखी एखादा फोल्डर हवा असेल तर पहिल्यासारखीच दुसरी ओळ घालता येते.

पायरी ४ : राखणदार उभा करणे

क्लॅमएव्ही-डेमन पॅकेजसोबत क्लॅमएव्ही-क्लॅमऑनअॅक नावाची सेवा येते. क्लॅमऑनअॅकचं स्पेलिंग सी-एल-ए-एम-ओ-एन-ए-सी-सी. मात्र तिच्यात एक बदल करावा लागतो. नव्या उबंटूत एका माणसाचं होम फोल्डर दुसऱ्याला वाचता येत नाही आणि क्लॅमडी वेगळ्या नावाने चालतो. त्यामुळे त्याला तुमची फाइल उघडता येत नाही आणि तपासणी न होताच लॉगमध्ये 'परमिशन डिनाइड' येत राहतं. यावर उपाय 'एफडीपास' हा शब्द. स्पेलिंग एफ-डी-पी-ए-एस-एस. त्याने राखणदार स्वतः फाइल उघडून क्लॅमडीच्या हातात देतो.

सुडो सिस्टमसीटीएल एडिट क्लॅमएव्ही-क्लॅमऑनअॅक

जी फाइल उघडेल तिच्यात वरच्या सूचनांच्या खाली, मोकळ्या जागेत, तीन ओळी लिहाव्यात. पहिली ओळ चौकोनी कंसात 'सर्व्हिस', पहिला एस मोठा. दुसरी ओळ 'एक्झेकस्टार्ट' आणि बरोबरचं चिन्ह, पुढे काही नाही. स्पेलिंग ई-एक्स-ई-सी आणि स्टार्ट, सलग, पहिला ई आणि एस मोठा. तिसरी ओळ अशी.

एक्झेकस्टार्ट=/यूएसआर/एसबिन/क्लॅमऑनअॅक -एफ --एफडीपास --लॉग=/व्हार/लॉग/क्लॅमएव्ही/क्लॅमऑनअॅक.लॉग

इथे '-एफ' मधला एफ मोठा आणि त्याच्या आधी एकच रेघ. 'एफडीपास' आणि 'लॉग' यांच्या आधी दोन-दोन रेघा. दुसरी ओळ रिकामी ठेवायची कारण तिने जुनी आज्ञा पुसली जाते. ती नसेल तर सेवा सुरू होत नाही.

सेव्ह करून बाहेर आल्यावर आधी पायरी २ मधली डेमन रीस्टार्ट करायची आज्ञा पुन्हा द्यावी, म्हणजे नवं सेटिंग वाचलं जाईल. मग राखणदार सुरू करावा.

सुडो सिस्टमसीटीएल एनेबल --नाऊ क्लॅमएव्ही-क्लॅमऑनअॅक

यापुढे लॅपटॉप चालू केला की राखणदार आपोआप हजर होईल.

पायरी ५ : चोर नसताना राखणदाराची परीक्षा

बसवलं म्हणजे चालतंय, असं धरू नये. परीक्षेसाठी खरा व्हायरस लागत नाही. आयकार या युरोपीय संस्थेने खास तपासणीसाठी ६८ अक्षरांची एक साधी फाइल ठरवून दिली आहे. ती कसलंही नुकसान करत नाही, पण जगभरातले अँटीव्हायरस तिला मुद्दाम व्हायरस म्हणूनच ओळखतात. स्पेलिंग ई-आय-सी-ए-आर. संस्थेच्या वेबसाइटवरून ती फाइल डाउनलोड्समध्ये उतरवा आणि उघडा. मग लॉग बघा.

सुडो टेल /व्हार/लॉग/क्लॅमएव्ही/क्लॅमऑनअॅक.लॉग

'टेल' म्हणजे टी-ए-आय-एल. शेवटच्या ओळींत आयकारचं नाव आणि 'फाउंड' दिसलं, तर राखणदार जागा आहे. 'परमिशन डिनाइड' दिसलं, तर पायरी ४ मधली एफडीपासची ओळ पुन्हा तपासा.

ही परीक्षा फक्त घरच्या मशीनवर करावी. केंद्रातल्या किंवा ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ही फाइल नेली तर तिथला अँटीव्हायरस बोंब मारेल आणि विनाकारण घबराट होईल.

पायरी ६ : नुसतं ओरडणे की अडवणे?

सुरुवातीला राखणदार फक्त लॉगमध्ये नोंद करतो, अडवत नाही. दोन-चार दिवस असंच चालू द्यावं. मशीन नीट चालतंय, कामाच्या फाइलींवर खोटी बोंब होत नाही, एवढं बघून मग पायरी ३ च्या फाइलमध्ये आणखी एक ओळ घालावी.

ऑनॲक्सेसप्रिव्हेन्शन येस

पहिल्या तीन शब्दांची पहिली अक्षरं मोठी, सलग. 'येस' लहान, आधी स्पेस. मग डेमन आणि क्लॅमऑनअॅक या दोन्ही सेवा रीस्टार्ट कराव्यात. आता आयकारची फाइल उघडायला गेलात तर 'ऑपरेशन नॉट परमिटेड' असा निरोप येईल. म्हणजे फाइल फोल्डरमध्ये आहे, पण उघडत नाही.

इथे एक गोष्ट समजून घ्यावी. राखणदार फाइल उतरण्यापासून रोखत नाही, उघडण्यापासून रोखतो. त्यामुळे डाउनलोड झाली म्हणजे सुरक्षित आहे, असा अर्थ काढू नये.

दुसरी गोष्ट आकाराची. राखणदार मुळात ५ एमबीपर्यंतच्याच फाइली तपासतो, त्याहून मोठी फाइल न तपासता सोडून देतो. दाखले, पीडीएफ, वर्ड फाइलींना एवढं पुरतं. मोठी झिप फाइल किंवा सॉफ्टवेअर आलं तर ते हाताने तपासावं.

पेनड्राइव्हचं काय?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. पेनड्राइव्ह नंतर जोडला जातो, त्यामुळे तो राखणदाराच्या नजरेत येईलच असं धरून चालू नये. त्याला दर वेळी हाताने तपासावं. काम एका ओळीचं आहे. टर्मिनलमध्ये हे टाइप करा.

क्लॅमडीस्कॅन --एफडीपास

पुढे एक स्पेस द्या आणि पेनड्राइव्हचा फोल्डर माउसने ओढून टर्मिनलवर सोडा. त्याचा पत्ता आपोआप लिहिला जातो. मग एंटर. शेवटी 'इन्फेक्टेड फाइल्स' या ओळीपुढे शून्य आलं की पेनड्राइव्ह यादीपुरता स्वच्छ. दुकानातून आणल्यावर एकदा आणि बाहेर नेण्याआधी एकदा, एवढी सवय लावून घ्यावी.

२ जीबी रॅमच्या मशीनवर क्लॅमएव्ही-डेमन न ठेवता 'एपीटी इन्स्टॉल'मध्ये नुसतं क्लॅमएव्ही लिहावं. मग 'क्लॅमस्कॅन -आर' लिहून तसाच फोल्डर ओढावा. यात एफडीपास लागत नाही. क्लॅमस्कॅन दर वेळी सगळी यादी नव्याने वाचतो, म्हणून सुरू व्हायला वेळ घेतो, पण काम झालं की रॅम मोकळी करतो. तेवढा वेळ ब्राउझर बंद ठेवावा.

मोबाइल केबलने जोडला तरी तीच सावधगिरी. हव्या त्या फाइली आधी डाउनलोड्स फोल्डरमध्ये कॉपी कराव्यात आणि तिथूनच उघडाव्यात.

व्हायरस सापडला तर?

लगेच डिलीट करू नये. अँटीव्हायरसकडूनही चूक होते आणि कधी चांगल्या फाइलवर शिक्का बसतो. आधी फाइलचं नाव बघावं. जी फाइल आपण ठेवलीच नव्हती, जिच्या नावाला शेवटी ईएक्सई, व्हीबीएस किंवा एलएनके आहे, ती खुशाल काढावी. पण आपल्याच दाखल्याची किंवा हिशोबाची फाइल असेल तर मूळ ठिकाणाहून ती पुन्हा मिळते का बघावं. ती कोणाकडून आली त्या माणसाला कळवावं. बहुतेक वेळा त्याचं मशीन आजारी असतं आणि त्याला पत्ताच नसतो.

आज्ञेत 'रिमूव्ह' हा शब्द घालून सापडेल ते आपोआप पुसायची सोय आहे, पण घरी ती वापरू नये. गेलेली फाइल परत येत नाही.

नेहमी येणाऱ्या अडचणी

हाताने फ्रेशक्लॅम चालवला तर लॉग फाइल 'लॉक' होत नसल्याची तक्रार येते. हा बिघाड नाही. फ्रेशक्लॅम आधीच मागे चालू असतो, त्यामुळे दुसऱ्याला जागा मिळत नाही. त्याला त्याचं काम करू द्यावं. यादी पुन्हा पुन्हा पूर्ण उतरवत बसलं तर सर्व्हर काही काळ बंदी घालतो.

यादी बदलताना मशीन अडखळत असेल तर क्लॅमडीच्या सेटिंगमध्ये 'कॉनकरंटडेटाबेसरीलोड' या ओळीपुढे 'नो' लिहावं. कॉनकरंट, डेटाबेस आणि रीलोड, तिन्हींची पहिली अक्षरं मोठी, सलग. मग दुप्पट रॅम लागत नाही, फक्त तेवढा वेळ तपासणी थांबते.

काही बिनसलं आणि फाइली उघडेनात, तर राखणदार थांबवावा. पायरी ४ मधल्या शेवटच्या आज्ञेत 'एनेबल'च्या जागी 'डिसेबल' लिहिलं की तो बंद होतो आणि पुढच्या वेळीही सुरू होत नाही. अर्जाची शेवटची तारीख असेल तर आधी अर्ज भरावा, राखणदाराची दुरुस्ती नंतर करावी.

ही राखण काय करत नाही

क्लॅमएव्ही यादीतल्या खुणांवरून ओळखतं. कालच निघालेला व्हायरस आजच्या यादीत असेलच असं नाही. म्हणून अपडेट मॅनेजरने दाखवलेले सिस्टमचे अपडेट टाळू नयेत. सॉफ्टवेअर कुठल्याही लिंकवरून न घेता सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्यावं. कोणी व्हिडिओत सांगितली म्हणून 'सुडो'वाली आज्ञा न समजता चिकटवू नये, कारण मालकाने स्वतः दार उघडल्यावर राखणदार काही करू शकत नाही. शेतातल्या कॅमेऱ्याचा आणि घरच्या राउटरचा मूळ पासवर्ड बदलावा, तिथे क्लॅमएव्ही पोहोचत नाही.

लॅपटॉपवरचा अँटीव्हायरस मोबाइलही राखत नाही. 'अनुदान मंजूर झालं, ही एपीके फाइल उघडा', 'केवायसी संपलं, ओटीपी सांगा' असले निरोप फोनवर येतात आणि पैसे तिथून जातात. ओटीपी सांगितल्यावर कुठलाही अँटीव्हायरस मदतीला येत नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा आणि बँकेला कळवावं. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

आणि शेवटचं, कागदांची एक प्रत लॅपटॉपबाहेर ठेवावी. वेगळा पेनड्राइव्ह घेऊन त्यावर सातबारा, दाखले, पावत्या टाकाव्यात आणि तो कपाटात ठेवावा. हा पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात न्यायचा नाही. व्हायरस आला, लॅपटॉप पडला किंवा वीज कमी-जास्त होऊन हार्ड डिस्क गेली, तरी कागद हाताशी राहतात.